हातांवर बसलेला वर्ग

"उजेडात या. तोंड दिसू द्या."

मास्तरांना भेटायला कोणीही आलं, की नमस्कार-चमत्कार होण्याआधी ते त्याचे दोन्ही खांदे धरायचे आणि त्याला खिडकीकडे वळवून उभं करायचे. मग म्हणायचे, "हां, आता बोला." पोस्टमन असो, कमिटीचे अध्यक्ष असोत, नाहीतर चुकून आत शिरलेला कल्हईवाला असो, मास्तर सगळ्यांना खिडकीशी नेत. त्यांचे स्वतःचे कान चांगले तिखट होते. भोंगा झाला की तो कोणत्या गिरणीचा, हे ते मान वर न करता सांगत. पण बहिऱ्या मुलांत राहून त्यांना माणसाचं तोंड पाहिल्याशिवाय बोलणं कळेनासं झालं होतं. धंद्याची सवय अशी अंगात मुरलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या ओळखीचा एक शिंपी कोणाच्या मयताला गेला तरी समोरच्याच्या खांद्यांचं माप डोळ्यांनी घ्यायचा.

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ येऊन गेला, त्यानंतरच्या तीन-चार वर्षांतली ही हकिगत. साखर पेठेच्या कडेला एका घरात बहिऱ्या-मुक्या मुलांचा वर्ग भरत असे. मुलं चौदा, मास्तर एक. मूळचे माळशिरसचे. मुंबईच्या एका शाळेत दोन वर्षं राहून, बहिऱ्यांना बोलायला कसं शिकवायचं ते शिकून आलेले. आमच्या जिल्ह्यात हे शिकून आलेला दुसरा माणूस नव्हता. पेठेतले लोक त्यांना 'मुके मास्तर' म्हणत. दिवसभर बोलून घसा बसलेल्या माणसाला हे नाव पडावं, याचं त्यांना कधी हसूही आलं नाही.

मी तिथे हौसेनं गेलो नाही. मी जेऊरचा. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, होऊन, ट्रेनिंगची दोन वर्षं काढून प्राथमिक शाळांतून बदल्यांवर बदल्या भोगत होतो. वर्गाच्या कमिटीनं जाहीर केलं, की मास्तरांच्या हाताखाली दोन वर्षं काम करून परीक्षा देईल त्याला दाखला मिळेल आणि पुढेमागे कायमची जागा. 'कायमची' हा शब्द वाचला आणि अर्ज केला. आम्ही तिघे उमेदवार होतो. मास्तरांनी आम्हाला खिडकीशी ओळीनं उभं केलं, तिघांची तोंडं न्याहाळली आणि म्हणाले, "मिशा काढाव्या लागतील."

आम्ही हसलो. मास्तर हसले नाहीत.

"मूल तुमचे ओठ वाचणार. त्यावर हे छप्पर ठेवलंत तर काय वाचेल ते?"

आजच्या वाचकांना यात विशेष काही वाटणार नाही. पण तेव्हा बाप गेला की मिशी उतरायची, त्याआधी नाही. बाप जिता असताना ओठ साफ करणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं. एक उमेदवार तिथूनच टोपी घालून निघाला. दुसरा "वडिलांना विचारून येतो" म्हणाला, तो आलाच नाही. मी काढली. मग श्रावणात घरी गेलो, तर जेऊर स्टेशनापासून आमच्या दारापर्यंत चौघांनी चेहरा पाडून विचारलं, "कवा गेलं रं तुजं वडील?" वडील ओट्यावर दोरखंड वळत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोर खाली ठेवला.

"मी मेलो व्हय रं?"

"न्हाई आबा, ते शाळेचं..."

"मग जिता हाय न्हवं? बघ की नीट."

पुढचे दोन दिवस ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दोनच दिवस? माझ्या वडिलांनी सहा महिने माझं तोंड पाहिलं नव्हतं."

मग माझी उमेदवारी सुरू झाली. ट्रेनिंग कॉलेजात मला मुलांना कविता पाठ करायला लावायचं शिकवलं होतं. इथे पहिला महिना मी फक्त 'प' शिकवायला शिकलो. ओठांसमोर कागदाची चिटोरी धरायची, 'प' म्हटलं की ती हलली पाहिजे. मुलाचा एक हात आपल्या गळ्यावर, दुसरा त्याच्या स्वतःच्या गळ्यावर ठेवायचा, म्हणजे 'ब' म्हणताना आत काय थरथरतं ते त्याला कळतं. 'क' साठी चमच्याच्या दांड्यानं मुलाची जीभ मागे सारायची. मुलं ओकायची, रडायची आणि मग एक दिवस घशातून 'क' बाहेर पडायचा. त्या वेळी मास्तरांचा चेहरा पाहायला हवा होता. एवढा आनंद मी घरच्या बारशातही पाहिलेला नाही.

एका मंगळवारी त्यांनी माझ्या कानांत मेणाचे बोळे घातले आणि मला बाजारात पाठवलं. "काही विकत आणू नका. नुसती तोंडं बघून या." मी भाजीवाल्यांच्या तोंडांकडे बघत हिंडलो. एका बाईला ते भलतंच वाटलं आणि तिनं मला जोड्यानं मारीन म्हणून दाखवलं. तेवढं एक वाक्य मला दिवसभरात नीट वाचता आलं. मास्तर हे ऐकून इतके हसले, की मुलंही आपण का हसतोय हे न कळता हसू लागली.

त्यांच्या या वेडामागं काय होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. माळशिरसला त्यांचा थोरला भाऊ होता. जन्मापासून बहिरा. घरात त्याला नाव असं नव्हतंच. हाक ऐकू येत नाही, त्याला नाव कशाला, असा घरच्यांचा हिशेब. वैरण टाक म्हणून खूण केली की वैरण टाकायचा, जेवायला ये म्हणून खूण केली की यायचा. बैलाशी बोलावं तसं सगळे त्याच्याशी हातवाऱ्यांनी बोलत. "पंचेचाळिशी उलटली, जेऊरकर. आपल्याला नाव असतं, हेच त्याला माहीत नाही. एकदा तोंडानं बोलता आलं असतं, तर कुणाची छाती होती त्याला 'ए' म्हणून ढकलायची?"

म्हणून मास्तरांना खुणा सोसत नसत. मुंबईला त्यांना तसंच शिकवलं होतं आणि त्यांचं स्वतःचं मनही तेच सांगत होतं. खूण म्हणजे पांगुळगाडा, तो काढून घेतल्याखेरीज मूल चालायला लागत नाही. मुलाला पाणी हवं असेल तर त्यानं 'पाणी' म्हणायचं. अंगठा तोंडाकडे नेला तर पाणी मिळणार नाही. सकाळी वर्ग भरला, की मास्तर हाताचे पंजे उलटे करून दाखवत आणि चौदाही मुलं आपापले हात मांडीखाली घालून, हातांवर बसत. दुपारच्या सुट्टीपर्यंत हात बाहेर येत नसत. मला सुरुवातीला ते बघवत नसे. मग सवय झाली, आणि पुढे तर एखाद्याचा हात निसटला की मास्तरांच्या आधी मीच ओरडू लागलो. बहिऱ्या मुलावर ओरडून काय होतं, ते तुम्ही ओळखा.

त्या वर्गात बालामणी होती. नऊ वर्षांची, तेलुगू विणकरांची पोर. घरात दोन हातमाग. तुम्ही मागाच्या घरात गेला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, खडखडाटात तिथे कोणी कोणाशी तोंडानं बोलतच नाही. धागा तुटला, कांडीवर सूत भरून दे, भाकर झाली, सगळं हातानं. त्यामुळे ही मुलगी बहिरी आहे, हे घरच्यांना ती तीन वर्षांची होईपर्यंत कळलंच नव्हतं. तिची आई कांड्या भरता भरता एका हातानं लेकीशी अखंड गप्पा मारत असे. अशा घरातली मुलगी म्हणजे मास्तरांच्या मते सगळ्यांत अवघड काम.

ते स्वतः तिच्या घरी गेले. मी बरोबर होतो. त्यांनी आईला दारात, उजेडात उभं केलं आणि सांगितलं, "आजपासून हिच्याशी हातानं बोलायचं नाही. हिनं हात केला तर बघायचं नाही. तोंड फिरवायचं. तोंडानं बोलली की मगच द्यायचं."

"आन न्हाई बोलली तर, मास्तर?"

"बोलेल. तुम्ही बघितलंत तर नाही बोलणार."

आईनं लेकीकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "तुमी शिकलेले. तुमी सांगताव तसं करतो," ती म्हणाली. आणि तिनं केलं. शिकलेल्या माणसांनीसुद्धा पाळलं नसतं इतक्या निष्ठेनं केलं. महिन्याभरात बालामणी वर्गात सगळ्यांच्या पुढे गेली. तिच्या तोंडून 'आई', 'पाणी', 'भाकर', 'मास्तर' असे पस्तीस-चाळीस शब्द लख्ख येऊ लागले. तिचा आवाज थोडा घोगरा होता. मास्तर येईल त्याला तिच्यासमोर उभं करत आणि तिला बोलायला लावत.

पौषात, संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठल्यावर, कमिटीनं गावातल्या मोठ्या मंडळींना बोलावून वर्गाचं काम दाखवायचं ठरवलं. हे काम लोकांच्या मनात भरलं, तर वर्ग चालू राहणार होता. मास्तर आठ दिवस धड जेवले नाहीत. बालामणीनं पाहुण्यांसमोर पाच वाक्यं म्हणायची होती. "माझे नाव बालामणी," हे पहिलं.

त्याच आठवड्यात ती सारखी हात काढू लागली. हात मांडीखालून निघायचा, पोटावर उजवीकडे दाबला जायचा, मग हवेत वळायचा आणि पुन्हा पोटावर यायचा. पहिल्या दिवशी मास्तरांनी पंजा उलटा करून दाखवला. तिनं हात खाली घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सावकाश, ओठ स्पष्ट हलवत म्हणाले, "तोंडानं सांग." तिनं तोंड उघडलं. तिला येणाऱ्या चाळीस शब्दांत दुखण्याचा शब्द नव्हता. आम्ही तो शिकवला नव्हता. आम्ही फळांची नावं शिकवली होती.

मी हे सगळं पाहत होतो. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. पोटावर हात दाबून धरलेल्या मुलीला काय होतंय, हे कळायला ट्रेनिंग लागत नाही. पण मास्तर बघत नव्हते, मग मी कसं बघणार, असा माझा विचार. दिवसातून दोन वेळा तिनं मला हात करून दाखवला आणि मी तोंड फिरवलं. मला तसंच शिकवलं होतं आणि मी चांगला विद्यार्थी होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी तिचं अंग तापलं होतं. ती हातांवर बसली. पाळी आली तेव्हा उठली, किंचित वाकून उभी राहिली आणि पाचही वाक्यं म्हणाली. एकही अक्षर चुकलं नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका वकिलांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. तिच्या हातावर पेढा ठेवला, तो तिनं तसाच धरून ठेवला.

तिसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं, तेव्हा पोटातलं अपेंडिक्स फुटून दोन दिवस झाले होते. डॉक्टर पडद्याबाहेर आले आणि जरा चिडूनच म्हणाले, "किती दिवस दुखत होतं? कुणाला सांगितलं नाही का पोरीनं?"

आई भिंतीला टेकून खाली बसली होती. ती डॉक्टरांशी नव्हे, मास्तरांशी बोलली. आवाज अजिबात चढवला नाही तिनं.

"सांगितली की. आट दिवस सांगितली. आमीच बगितलो न्हाई."

बालामणी त्याच दुपारी गेली.

मास्तर पंधरा दिवस वर्गात आले नाहीत. मीच वर्ग घेतला. सोळाव्या दिवशी आले तेव्हा सकाळची वेळ होती आणि तेराही मुलं सवयीनं हातांवर बसली होती. मास्तर पहिल्या मुलासमोर बसले, त्याच्या मांडीखालचे हात ओढून बाहेर काढले आणि त्याच्या पाटीवर ठेवले. मग दुसऱ्याचे. मुलं घाबरली होती. काहींनी हात पुन्हा खाली घातले, ते त्यांनी पुन्हा काढले. तेरा मुलांचे हात बाहेर काढायला त्यांना बराच वेळ लागला.

त्या दिवसापासून त्यांनी उलटं शिक्षण सुरू केलं. दुपारी ते मुलांमध्ये मांडी घालून बसत आणि तापाला काय खूण, भीतीला काय, मारलं याला काय, असं मुलांना विचारत. चाळिशीचा माणूस, बोटं ताठ झालेली. त्यांना एकही खूण धड जमेना. एकदा 'मांजर' म्हणायला गेले आणि हातून भलतंच काही झालं असावं, कारण अख्खा वर्ग जमिनीवर लोळून हसला. ती मुलं अशी हसताना मी पूर्वी पाहिली नव्हती आणि पुढेही पाहिली नाहीत. मास्तरही हसले, मग एकदम उठून मागच्या दारी गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

"हे पुस्तकात नाही, जेऊरकर," ते मला म्हणाले. "मला कुणी शिकवलं नाही, म्हणून मी तुम्हाला शिकवलं नाही. बोलायला शिकवूच. पण ज्याला दुखतंय त्याला हात वर करता आला पाहिजे, आणि आपण बघितलं पाहिजे. माझ्याकडे उरलंय ते एवढंच."

अर्थात बोलणं मागे पडलं. हात मोकळे झाल्यावर चमच्याच्या दांड्यासाठी तोंड उघडायला कोण तयार होणार? कमिटीतले लोक येऊन जात आणि कपाळाला आठ्या घालत. वर्ग आहे की माकडांचा खेळ, असं एकानं माझ्यादेखत म्हटलं. मग तपासणीला शाळाखात्याचे डेप्युटी साहेब आले. त्याच दिवशी माझी परीक्षाही होती. ज्याला 'क' येत नव्हता अशा एका मुलाकडून मी तो काढून दाखवला. साहेब खूश झाले. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "इथे वर्गात खुणा चालतात, हे खरं का?"

मला "थोड्याफार" म्हणता आलं असतं. "मास्तरांनाच विचारा" म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "चालतात, साहेब. मास्तर स्वतः करतात." एवढ्यावर थांबलो नाही. "मी कधी केल्या नाहीत," असंही म्हणालो.

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. त्या उत्तरानं काय होणार हे मला ठाऊक होतं, आणि ते व्हावं असंही मनात कुठंतरी होतं. आज एवढ्या वर्षांनी तुमच्यासमोर ते झाकून काय करू? दोन महिन्यांत मला दाखला मिळाला, वर्गही मिळाला. मास्तरांना कमिटीनं नारळ देऊन निरोप दिला.

निघायच्या सकाळी मी त्यांची वळकटी बांधायला गेलो आणि साहेबांना काय म्हणालो ते सांगून टाकलं. ते माझ्या तोंडाकडे बघत ऐकत होते.

"खरं तेच सांगितलंत. त्यात काय?" ते म्हणाले. "तुम्ही माझ्याच हाताखाली तयार झालात." मग वळकटी हातात घेत म्हणाले, "एक करा. त्यांना हातांवर बसवू नका. खुणा नका शिकवू, नका शिकू. नुसते हात बाहेर राहू देत. जमेल?"

"जमेल," मी म्हणालो. मी खरोखर मनापासून म्हणालो होतो.

ते माळशिरसला भावाकडे गेले. मी महिनाभर शब्द पाळला. मग कमिटीचे अध्यक्ष एकदा अचानक आले आणि दारातच थबकून म्हणाले, "काय हो, अजून ह्यांचे हात चालूच?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंजे उलटे केले. मुलांनी एकदा माझ्याकडे, एकदा एकमेकांकडे पाहिलं आणि हात मांडीखाली घातले. मास्तरांना मी पत्र लिहिलं नाही. लिहिणार काय?

दीड वर्षानं माळशिरसहून एक कार्ड आलं. मरणाची बातमी असली की फाडतात तसा कोपरा फाडलेला होता, तेव्हा वाचण्याआधीच कळलं. मास्तर तापानं गेले होते. मी कार्ड वाचून रिवाजाप्रमाणे उंबऱ्याबाहेर फाडून टाकलं, चूळ भरली आणि आत आलो. त्या वर्षी माझ्या हाताखाली पहिला उमेदवार आला होता. नुकती मिशी काढलेला, तेवीस वर्षांचा. तो मागे वही उघडून बसला होता. पुढे तेरा मुलं, हात मांडीखाली. ती सगळी मास्तरांची मुलं. त्यांना सांगणं भाग होतं.

मी डोळे मिटून एक हात आभाळाकडे केला असता, तर त्यांना त्या क्षणी कळलं असतं. उमेदवार माझ्याकडे पाहत होता.

मी फळ्यावर लिहिलं, "मास्तर वारले." मग वर्गाकडे तोंड करून, ओठ स्पष्ट हलवत, ते तीनदा म्हटलं. 'मास्तर' त्यांना येत होतं. 'वारले' नवीन होतं. मुलं आनंदानं पुढे सरकली. नवा शब्द आला की ती नेहमी अशीच सरकत. 'ल' ला जीभ कुठे लागते ते मी दाखवलं. एकेकाला उठवून म्हणून घेतलं. कोणी 'वाले' म्हणालं, त्याला पुन्हा म्हणायला लावलं. शंकर नावाचा एक मुलगा होता, मास्तरांचा लाडका. त्यानं मी न सांगता माझा हात ओढून आपल्या गळ्यावर ठेवून घेतला आणि मोठ्यानं, एकही अक्षर न चुकता म्हणाला, "मास्तर वारले." मग माझ्याकडे पाहून हसला.

मी म्हणालो, "शाब्बास."